बुलढाणा बीच

मेहेकरकाका बसायच्या आधी खुर्ची हलवून बघत. स्वतःच्या घरातली हलवत, तशी लोकांच्या घरातलीही हलवत. एकदा मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला कुणी मोठे सरकारी अधिकारी पाहुणे म्हणून आले होते. ते बसणार तेवढ्यात काका पुढे झाले, "एक मिनट, सर" म्हणाले, खुर्चीच्या पाठीला धरून ती दोनदा गदागदा हलवली, वाकून चारही पाय तपासले आणि मग "बैठिए" म्हणाले. पाहुणे तासभर खुर्चीच्या अगदी कडेला बसून होते. त्यांनी भाषणही आटोपतं घेतलं.

माझी लखनौला बदली झाली तेव्हा तेलीबागेतल्या त्यांच्या घराचा वरचा मजला मला भाड्याने मिळाला. बँक हजरतगंजात, घर तेलीबागेत, आणि मी मूळची हर्णैची. म्हणजे समुद्रापासून जितकं लांब जाता येईल तितकं मी आले होते. काका-काकू बुलढाणा जिल्ह्यातले. काकांची अडतीस वर्षं मानक नगरला रेल्वेच्या चाचणी विभागात गेली. काम काय, तर वस्तू दाबायच्या, ओढायच्या, हलवायच्या, तापवायच्या आणि शेवटी कागदावर सही करायची. "पाहिल्याशिवाय सही नाही" हे त्यांचं वाक्य. त्यांच्याबरोबर काम केलेली माणसं अजूनही त्या वाक्याने दचकतात असं मला मंडळातल्या दोघांनी तरी सांगितलं. एका स्प्रिंगची चाचणी चालू असताना काका दोन मिनिटं पाणी प्यायला गेले होते, तेवढ्यात ती पूर्ण झाली. आकडे समोर होते, चार साक्षीदार होते. काका म्हणाले, मी पाहिलं नाही. तीन दिवसांनी पुन्हा चाचणी लावली, तेव्हा त्यांनी सही केली. स्प्रिंग दोन्ही वेळा पास होती.

गणपतीच्या वेळी मंडळाने व्यासपीठ बांधलं, तेव्हा काकांनी मंडळातले आठ सर्वांत वजनदार सभासद निवडले. निवड सर्वांसमोर, नावं पुकारून झाली. त्यावरून दोन घरांचं बोलणं वर्षभर बंद होतं. आठही जण व्यासपीठावर चढले आणि काकांच्या "एक, दो, तीन"वर एकदम उडी मारायला लागले. एक फळी कडकन तुटली. काका एवढे खूश झाले की त्यांनी तुटलेल्या फळीवरच्या जोशींना मिठी मारली.

मी गेले त्याच्या आदल्या वर्षी ते निवृत्त झाले होते. सकाळी साडेनऊला इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून ते व्हरांड्यात बसत. कुठे जायचं नसे. मी खाली उतरले की विचारत, "काही अडचण?" मी म्हणायची, नाही काका. आता वाटतं, रोज एखादी अडचण सांगायला काय हरकत होती? ऑफिसमधून वर्षभरात त्यांना एकच फोन आला, एका जुन्या कपाटाची किल्ली कुठे असते ते विचारायला. काकांनी किल्लीची जागा सांगितली, किल्ली कशी फिरवायची ते सांगितलं, कपाटाचा डावा दरवाजा आधी का उघडायचा तेही सांगितलं. नंतरचे दोन दिवस ते जेवताना काकूंना त्या कपाटाविषयी सांगत होते. मुलगा बंगळुरूला. त्याला काका फोनवर मराठीत काही समजावायला लागले की तो हिंदीत म्हणे, "पापा, वो मैं नेट पे देख लूँगा ना."

काकू शांत बाई. "हो का" आणि "बरं" एवढ्या दोन शब्दांत त्यांचा दिवस निघे. त्यांना फारसं बोलायचंच नसतं अशी माझी समजूत होती. काकांची तर होतीच.

आणि मग एका सकाळी फाटकापाशी पांढरी गाडी थांबली आणि तिवारी उतरला.

तिवारी हा दिग्दर्शक. अस्सल लखनौचा, पस्तिशीचा, दाढी कोरलेली, बोलणं लोण्यासारखं. तो एक हिंदी थ्रिलर मालिका करत होता. गोव्याचा समुद्रकिनारा, परदेशी पर्यटक, अमली पदार्थांचा धंदा, एक इमानदार इन्स्पेक्टर आणि एक डॉन. सगळं गोव्यात घडणार होतं आणि सगळं शूटिंग लखनौत होणार होतं, कारण लखनौ त्याच्या ओळखीचं होतं आणि गोवा नव्हतं. गोमतीच्या काठी, शहराबाहेर, किनारा उभारायचं काम सुरू झालं होतं. फक्त तो बरोबर आहे की नाही हे सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून तो कुणीतरी मराठी माणूस शोधत मंडळाच्या चिटणिसांकडे गेला, आणि "सगळं तपासून देणारा माणूस" म्हणून चिटणिसांनी काकांचं नाव सांगितलं.

"सर," तिवारी हात जोडून म्हणाला, "आप लोग तो समुंदर वाले लोग हैं. हम ठहरे गोमती वाले. आप न बताएँगे तो कौन बताएगा?"

मी जिन्यात उभी होते. काकांनी तोंड उघडलं. बुलढाण्यापासून समुद्र किती लांब आहे, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांनी आयुष्यात समुद्र पाहिलेला नव्हता. एकदा मुंबईला गेले होते ते एका कारखान्यात चाचणी घेऊन रातोरात परतले होते. पण त्या व्हरांड्यात दीड वर्षाने कुणीतरी त्यांना काहीतरी विचारायला आलं होतं. काकांनी तोंड मिटलं, पुन्हा उघडलं.

"पूछिए," ते म्हणाले. "क्या पूछना है?"

दुसऱ्या दिवसापासून माझी सकाळ संपली. ऑटोवाला बाहेर हॉर्न वाजवतोय, आणि काका जिन्याच्या शेवटच्या पायरीवर वही घेऊन उभे.

"भरती दिवसातून किती वेळा?"

"दोनदा."

"वेळ ठरलेली?"

"रोज थोडी पुढे सरकते."

"कितीने? अंदाजे नको सांगू."

"काका, उशीर होतोय."

"बरं, एकच. वास कसा असतो?"

मला हर्णैचं बंदर आठवलं. घाईत मी म्हटलं, "सुकट आणि डिझेल." काकांनी लिहून घेतलं. मागून काकूंनी स्वयंपाकघरातून डोकावून माझ्याकडे बघितलं आणि त्या आत गेल्या. तीन दिवसांनी समजलं की शूटिंगच्या जागी रंगीत छत्र्यांखाली डिझेलचे डबे आणि सुक्या मासळीची टोपली ठेवली आहे, आणि बिकिनीवर शाल पांघरून बसलेली परदेशी पाहुणी सारखी शिंकते आहे. मी काकांना सांगायला गेले की तो वास बंदराचा, गोव्यातल्या पर्यटकांच्या किनाऱ्याचा नव्हे. ते म्हणाले, "आता रिपोर्ट गेला."

पण खरा गोंधळ नारळांनी केला. पटकथेत डॉनची माणसं नारळात पावडर भरून ते समुद्रात सोडतात आणि लाटा ते नारळ किनाऱ्यावर आणून टाकतात असा प्रसंग होता. काकांनी तिवारीला विचारलं, भरलेला नारळ तरंगतो का? तिवारी म्हणाला, "सर, फिक्शन है."

"फिक्शन है तो क्या," काका म्हणाले, "तैरना तो चाहिए."

त्या रविवारी त्यांनी बाजारातून बारा नारळ आणले. भोकं पाडून पाणी काढलं, आत मैदा भरला, भोकं मेणाने बंद केली, प्रत्येकाला नमुना क्रमांकाची चिठ्ठी लावली आणि गच्चीच्या कठड्यावर ओळीने मांडून ठेवले. खाली फरशीवर सतरंजी, सतरंजीवर मैद्याच्या पुड्या, वजनकाटा आणि पांढऱ्या हातांचे मेहेकरकाका. शेजारच्या गच्चीवर वाळवण घालायला आलेल्या शुक्लाजींनी हे पाहिलं आणि त्यांना जे वाटायचं ते वाटलं. तासाभरात एक हवालदार आला.

"अंकल जी, ये सफ़ेद-सफ़ेद क्या है?"

"अभी मैदा है," काका म्हणाले. खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे पुढचंही सांगून टाकलं. "बाद में ड्रग्स होगा."

काकूंनी कपाळावर हात मारला. मी घाईघाईने मालिका, तिवारी, गोमतीचा किनारा असं सगळं सांगत सुटले. हवालदाराने एक चिमूट मैदा जिभेवर ठेवला आणि तो बराच वेळ चघळला. मग त्याचा चेहरा बदलला. त्याला मालिकेत रस वाटायला लागला होता. काकांनी त्याला खुर्ची तपासून दिली आणि तो आमच्याबरोबर पाण्याच्या टबापाशी बसला. नमुना एक बुडाला, दोन आडवा झाला, तीनचं मेण निघालं आणि टबाचं दूध झालं.

"नारियल छोड़िए साहब," हवालदार म्हणाला, "खरबूज़े में भरिए. खरबूज़े पे किसी को शक नहीं होता."

"समुंदर में खरबूज़ा कहाँ से आएगा?"

"बह के आया होगा."

काकांनी थोडा विचार केला आणि वहीत "सूचना क्र. ४" असं लिहून घेतलं. शेवटी सातवा नमुना तरंगला. अर्धाच भरलेला होता. अकरा पानांचा अहवाल तयार झाला, आणि तो वाचून तिवारी काकांच्या पाया पडला. त्या संध्याकाळी काका व्हरांड्यात शीळ घालत होते. दोन वर्षांत ती शीळ मी तेव्हा एकदाच ऐकली.

मी मात्र धास्तावले होते. ज्या माणसाने दोन मिनिटं न पाहिलेल्या स्प्रिंगवर सही केली नाही, तो न पाहिलेल्या समुद्रावर सह्या करत सुटला होता. हे त्यांनाही कळत होतं. वहीत रोज नवी पानं भरत होती, पण काका नीट जेवत नव्हते. काकू म्हणाल्या, झोपेत भरती-ओहोटी पुटपुटतात.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी काका मला बळेच शूटिंगला घेऊन गेले. "कुणी अचानक काही विचारलं तर तू जवळ पाहिजेस," म्हणाले. काकूंनी डब्यात पोहे दिले. काकूंनाही चला म्हणावं हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

किनारा बघून मला हसावं की काय ते कळेना. ट्रकने आणलेली वाळू पसरली होती. खजुराच्या झाडांना प्लास्टिकच्या नारळाच्या झावळ्या बांधल्या होत्या. पाणी जिथे सुरू व्हायला हवं तिथे एक लांबच लांब निळा पडदा होता. त्यावर समुद्र नंतर कंप्युटरने येणार होता. पडद्यापलीकडे गोमती आणि गोमतीत म्हशी. त्यातली एक म्हैस पडद्याखालून आत आली आणि डॉन इन्स्पेक्टरवर पिस्तूल रोखत होता तिथे जाऊन उभी राहिली.

"कट! सर, गोवा के बीच पे भैंस चलेगी?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. किनाऱ्यावर फिरणाऱ्या गाई मी पाहिल्या होत्या. मी अर्धवट मान हलवली.

"एक चलेगी," काका म्हणाले.

तिथे फर्नांडिस नावाचा एक माणूस होता. आवाज ध्वनिमुद्रित करायला त्याच दिवशी मुंबईहून आला होता, मूळचा मडगावचा. कानाला हेडफोन लावून तो सकाळपासून ही वाळू, हे खजूर, ही म्हैस बघत आणि हा डिझेलचा वास घेत उभा होता. जेवणाच्या वेळी तो काकांशेजारी येऊन बसला आणि अगदी सहज म्हणाला, "अंकल, आप गोवा में किधर से?"

"पोहे लीजिए," काका म्हणाले. त्यांनी अख्खा डबाच त्याच्यापुढे सरकवला. मला इतकं वाईट वाटलं की मी उठून लांब जाऊन उभी राहिले.

दुपारी एक मुलगी छोटा कॅमेरा घेऊन आली. शूटिंग कसं चालतं याची फिल्म बनवत होती. तिने काकांना निळ्या पडद्यासमोर उभं केलं. सगळे गोळा झाले, तिवारी कौतुकाने बघत होता. मुलगी म्हणाली, "सर, दर्शकों को बताइए, आपकी नज़र में यह सेट असली समुंदर के कितने क़रीब है?"

काकांनी खिशातलं पेन काढलं, उघडलं, पुन्हा बंद केलं. मग कॅमेऱ्याकडे न बघता तिवारीकडे बघून म्हणाले, "मैंने समुंदर कभी देखा नहीं है. मैं बुलढाणा का हूँ."

मग तिवारीने समजुतीने मान डोलावली. "अच्छा, अच्छा. बुलढाणा बीच. सर, वो नॉर्थ गोवा में पड़ता है या साउथ?"

"बीच नहीं है."

"मतलब, भीड़भाड़ कम रहती है?"

काकांनी जमिनीवर पडलेली एक झावळी उचलली. निळ्या पडद्याला लागून वाळूत एक रेघ ओढली. "यह समुंदर. यह मुंबई. अब देखिए." आणि ते पावलं मोजत उलट्या दिशेने चालायला लागले. छत्र्या मागे टाकल्या, डिझेलचे डबे मागे टाकले, डॉनच्या खुर्चीला वळसा घातला, जेवणाचं टेबल ओलांडलं. वाळू संपली आणि गवत सुरू झालं, तरी काका चालतच होते. शेवटी ते जनरेटरच्या गाडीपाशी थांबले, झावळी जमिनीत रोवली आणि तिथून ओरडले, "बुलढाणा यहाँ है!"

मला त्या क्षणी काकांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा माझ्या वडिलांचाही क्वचित वाटला असेल.

फर्नांडिसने हेडफोन काढला. "बुलढाणा मैंने भी नहीं देखा," तो म्हणाला.

तिवारी रागावला नाही. रागावणं त्याच्या जिभेला जमलंच नसतं. त्याने काकांसाठी चहा मागवला, स्वतःच्या हाताने दिला आणि म्हणाला, "सर, आपने हमारे लिए बहुत मेहनत की. अब आगे फर्नांडिस भाई देख लेंगे. आप बस आराम कीजिए."

परतताना काका खिडकीबाहेर बघत होते. तेलीबाग आली तेव्हा म्हणाले, "खोटं एकदाही बोललो नाही गं मी. फक्त त्यांना विचारू दिलं."

दुसऱ्या दिवशी साडेनऊला इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, व्हरांडा. मला बघून त्यांनी "काही अडचण?" असंही विचारलं नाही. तसे तीन-चार महिने गेले. खुर्ची न हलवताच बसायला लागले. काकू घाबरून मला म्हणाल्या, "बघितलंस? न हलवता बसले."

मग एका रविवारी मालिकेची झलक आली. मी फोन घेऊन खाली गेले आणि व्हरांड्यात आम्ही तिघं ती बघायला लागलो. निळ्या पडद्याच्या जागी आता समुद्र उसळत होता. इन्स्पेक्टर वाळूतून धावत होता. मागे म्हैस होती. तिच्याकडे बघून काका पहिल्यांदा थोडे हसले.

काकू आमच्या खांद्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "अशी नसते ओली वाळू. पाऊल दाबलं ना, की भोवतीची वाळू एकदम कोरडी दिसते, क्षणभरच. आणि पाऊल उचललं की पाणी भरतं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले, कारण ते अगदी खरं होतं आणि मी ते काकांना सांगायला विसरले होते.

"तुला काय माहीत?" काका म्हणाले.

"वेंगुर्ल्याला होते की दोन वर्षं. मामा पोस्टात होते ना तिथे. सातवी आणि आठवी. घरामागेच होता समुद्र."

काकांनी फोन माझ्या हातात दिला. "एवढे दिवस मी हिला जिन्यात अडवून विचारत होतो. सुकट आणि डिझेल लिहून घेतलं. तू आत होतीस. बोलली का नाहीस?"

"तुम्ही तिला विचारत होतात," काकू म्हणाल्या. त्यात राग नव्हता. "मला कुठे विचारलंत?"

"पण लग्नाला छत्तीस वर्षं झाली!"

"हो ना," काकू म्हणाल्या आणि कुकर बंद करायला आत गेल्या.

काकांनी मान खाली घातली. मलाही खाली मान घालून बसावं लागलं, कारण त्या स्वयंपाकघराच्या दारावरून मीही दोन वर्षं येत-जात होते.

त्याच वर्षी माझी नाशिकला बदली झाली. निघायच्या आधीच्या पंधरा दिवसांत जिन्यातून ऐकू येई ते असं. काका विचारत, काकू एखादं उत्तर देत आणि "आज एवढंच, भाजी करपेल" म्हणून उठून जात. काका दुसऱ्या दिवसाची वाट बघत. एकदा एक चप्पल लाटेत गेल्याची हकीकत दोन दिवस चालली होती.

निघायच्या सकाळी सामान टॅक्सीत ठेवून मी नमस्कार करायला वळले. व्हरांड्यात काकू मटार सोलत होत्या. काका समोर बसले होते, वही गुडघ्यावर मिटलेली. मी येतेय हे दोघांनाही दिसलं नाही.

"लग्न होऊन इथे आलीस," काका विचारत होते, "स्टेशनवर उतरलो आपण. तेव्हा तुला काय वाटलं होतं?"

काकूंचे हात थांबले. त्यांनी एकदा काकांकडे पाहिलं, मग अंगणाकडे. काकांनी घाई केली नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची थोडी पुढे ओढून घेतली.

मी नमस्कार न करताच फाटक ओढून घेतलं आणि टॅक्सीत जाऊन बसले.